दाखवायचा कागद

१

कूलरमध्ये पाणी भरताना काजलच्या हातातली बादली हिंदकळली आणि नव्या कॉम्प्युटरचा नवा कीबोर्ड वयाच्या अकराव्या दिवशी वारला. मे महिन्यातला सोमवार, सकाळचे साडेनऊ. धंतोलीतल्या त्या सोनोग्राफी सेंटरच्या बाकांवर अर्धा विदर्भ येऊन बसलेला, आणि रिपोर्ट टाइप करणारा धर्मेंद्र भोयर ओल्या टेबलासमोर दोन्ही हात वर धरून बसलेला.

"दादा, माळ्यावर कुसुमताईचा जुना पडून आहे ना," काजल म्हणाली. तिचं काम काउंटर सांभाळायचं, पण पाणी तिनेच सांडलं होतं, म्हणून शिडीवरही तीच चढली.

कीबोर्ड खाली आला तो जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला. पिवळट पडलेला, पाटावरवंट्यातल्या पाट्यासारखा जड, बटणं उंच उंच. निम्मी अक्षरं बोटांनी पुसून नेलेली. उजव्या कोपऱ्यात तीन छोटे हिरवे दिवे. एक आकड्यांचा, एक मोठ्या अक्षरांचा, आणि तिसरा कशाचा हे धर्मेंद्रला एकोणीस वर्षांच्या नोकरीत कळलं नव्हतं, कारण तो लागून राहिलेला त्याने कधी पाहिलाच नव्हता. वायरच्या टोकाला गोल पिन. नव्या कॉम्प्युटरला गोल भोकच नाही.

धर्मेंद्र धावतपळत सीताबर्डीवरून अडॅप्टर घेऊन आला, बोटाच्या पेराएवढा. लावला. दिवे लागले नाहीत, अक्षर उमटलं नाही. त्याने कॉम्प्युटर बंद करून चालू केला, पुढच्या भोकात लावला, मागच्या भोकात लावला, पिनेवर फुंकर मारली, देवाचं नाव घेतलं. शेवटी दुकानदाराला फोन केला.

"किती जुना आहे गा तो?"

"माझ्याहून थोडा लहान."

"मग तो साधा अडॅप्टर नाही चालत. तो नुसतं तोंड बदलते. जुन्याले नव्याची भाषाच नाही समजत ना. दोन शेपट्यांचा, चिपवाला घेऊन जा. तो मधात बसून सांगते, हा काय म्हणून राहिला ते."

साडेअकराला तो चिपवाला आला, तिन्ही दिवे एकदा लुकलुकले, आणि धर्मेंद्रच्या बोटांना माहेर भेटलं. त्याच्या आधी या खुर्चीत बसणाऱ्या कुसुमताईंनी याच कीबोर्डवर त्याला टाइपिंग शिकवलं होतं. न बघता, मान वर, नजर खिडकीबाहेर. ठक ठक ठक असा भरगच्च आवाज सेंटरभर घुमायला लागला आणि बाकांवरची माणसं उगाच आशेने ताठ बसली.

२

बारा वाजता रुपरावांचा नंबर लागला. मौद्याकडचे शेतकरी, पांढरंशुभ्र धोतर, गालफडं बसलेली. सोबत मुलगा रोहित. सर म्हणजे डॉक्टर विक्रम गिरडकर आतून सांगत गेले आणि धर्मेंद्र टाइप करत गेला. लिव्हर गाठींनी भरलेलं होतं. सरांचा आवाज जरासुद्धा हलला नाही, धर्मेंद्रची बोटंही नाहीत.

रोहित खिडकीशी आला. आधी मागे वळून पाहिलं, मग आत वाकला. "भाऊ, एक बोलायचं होतं. बाबाले सांगू नका."

हे वाक्य धर्मेंद्र आठवड्यातून दोनतीनदा ऐकत असे. एवढं म्हटलं की पुढचं काही सांगायची गरज नसते. खरा रिपोर्ट सरांच्या सहीने मुलाच्या हातात जातो, आणि म्हाताऱ्यासाठी दुसरा कागद निघतो, सगळं नॉर्मल असलेला. तोच मथळा, तोच शिक्का, फक्त सही नाही. सर खोट्यावर सही करत नसत. ते विचारतही नसत. कानांवर हात ठेवायला डॉक्टरांइतकं कोणाला जमत नाही. ही रीत कुसुमताईंची. त्या त्याला 'दाखवायचा कागद' म्हणत. धर्मेंद्रने ती पुढे चालवली, त्याबद्दल कोणाचा चहासुद्धा कधी घेतला नाही, आणि आपण फार मोठं पुण्य करतो असं त्याला मनापासून वाटायचं. फुकटचं पुण्य कोणाला नको असतं?

इतक्या वर्षांत त्याला या नाटकाची सगळी पात्रं पाठ झाली होती. गेल्या आठवड्यात सरांनी काजललाही टाइपिंग शिकवायला सांगितलं होतं, सुट्टीबिट्टी लागली तर असू दे म्हणून. तेव्हा त्याने तिला हेही शिकवलं. "बघ, घरचे पेशंटच्या दोन पावलं मागं उभे राहतात. त्याचा जोक संपायच्या आधी हसतात. भांडलेला भाऊ भेटाले येते. घरी जाताना विचारतात, काय खाशील? ज्याच्याशी सगळे एकदम गोड वागाले लागले ना, तो माणूस गेलाच समजजो."

काजलने हे ऐकून मान खाली घातली होती. पोरगी हळवी आहे, असं धर्मेंद्रला वाटलं.

३

रुपरावांचा दाखवायचा कागद त्याने नेहमीच्या क्रमाने सुरू केला. क्रमही कुसुमताईंचाच: आधी किडन्या, मग प्लीहा, मग पित्ताची पिशवी, मग लिव्हर, आणि सगळ्यात शेवटी पॅन्क्रियाज, ती पोटामागे लपून बसलेली ग्रंथी. किडन्या नॉर्मल. प्लीहा नॉर्मल. पिशवी नॉर्मल. नजर खिडकीबाहेर, रस्त्यावरच्या रसवंतीकडे. लिव्हर नॉर्मल.

आवाज तर आला, पण बोटांखाली काहीतरी पोकळ लागलं. त्याने पडद्याकडे पाहिलं. पिशवीपर्यंत सगळं होतं. लिव्हरची ओळच नव्हती.

पुन्हा टाइप केली. नाही. बटण जोरात दाबलं. नाही. तेव्हा त्याचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं. तिसरा दिवा लागला होता.

त्याने अडॅप्टर काढून लावला. दिवा विझला, अक्षरं उमटायला लागली. लिव्हर, असं त्याने लिहिलं, तेही उमटलं. पुढचा शब्द घेतला आणि दिवा लागला, बटणं मेली.

"काय झालं गा भाऊ?" रुपराव स्वतःच खिडकीशी आले होते. रोहित त्यांच्या दोन पावलं मागे.

"काही नाही बाबा, मशीन जुनी आहे."

"आमच्यासारखी," रुपराव म्हणाले, आणि ते पुरतं बोलायच्या आत रोहित मोठ्याने हसला.

धर्मेंद्रने काजलच्या काउंटरवरचा कीबोर्ड दोन मिनिटांसाठी उसना आणला. त्याच्यावर लिव्हर झटकन नॉर्मल झालं. रुपरावांनी कागद कपाळाला लावला आणि घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला.

४

एक ते चार सर जेवायला घरी जातात. बाहेर डांबर पाघळतं, आत कूलर घरघरतो. धर्मेंद्रने कीबोर्ड उलटा केला, टेबलावर आपटला, दाढीच्या ब्रशने झाडला. आतून धूळ निघाली, टाचणी निघाली, तांदळाचा एक दाणा आणि एक लांब पांढरा केस निघाला. केस त्याने खिडकीबाहेर टाकला.

मग त्याने तपास सुरू केला. माणूस पद्धतशीर होता. कोऱ्या पानावर 'लिव्हर नॉर्मल' वीस वेळा लिहून पाहिलं. वीसही वेळा उमटलं. म्हणजे बटणं ठीक. मनाने एक नाव जोडलं, अनंत फुकटे, आणि त्या अनंतरावांना धडधडीत कॅन्सर लावला, उमटला. म्हणजे खोटं लिहिलेलं या डबड्याला कळतं अशातला भाग नाही. त्याला स्वतःचंच हसू आलं. आपण कीबोर्डची परीक्षा घेतोय की भुताची? मग सेंटरच्या मथळ्यावर रुपरावांचं नाव लिहिलं, वय लिहिलं, लिव्हरच्या ओळीशी आला. तिसरा दिवा. भोक बदललं, तिसरा दिवा. अडॅप्टर तापला असेल म्हणून कूलरसमोर धरला, परत लावला, तिसरा दिवा.

"उन्हानं होते दादा," काजल डबा धुऊन येता येता म्हणाली. "मायं नाव टाकून पाहा."

त्याने तिचं नाव टाकलं. किडन्यांपासून पॅन्क्रियाजपर्यंत सगळं नॉर्मल, सगळं उमटलं, एकदाही अडखळलं नाही. काजल टाळी वाजवून हसली. "पास झाले वं माय मी!"

"आता मायं टाकून पाहू," धर्मेंद्र म्हणाला, आणि त्याने 'धर्मेंद्र' एवढं लिहिलंही.

काजलने हात घालून सरळ अडॅप्टरच उपटला. तिचं हसू कुठे गेलं ते कळलं नाही. "नका ना दादा. कामाचं करा ना. पाच पेशंटचे रिपोर्ट बाकी आहेत."

"अवं, ते तर चार वाजताचे आहेत."

"तरी पण," ती म्हणाली आणि अडॅप्टर मुठीत घेऊन काउंटरवर जाऊन बसली. धर्मेंद्रला तिचा थोडा रागच आला.

५

मनीषनगरच्या घरी त्या संध्याकाळी आंब्याचा रस आणि सरगुंडे होते. बायकोने, मिनलने, कणकेचे सरगुंडे हाताने काडीवर वळले होते, सोमवारी, कुठलाही सण नसताना. धर्मेंद्रने दोन घास खाल्ले. महिन्याभरापासून पोट असं दोन घासांतच भरायचं. गॅस, दुसरं काय! पोट दुखायला लागलं तेव्हा सरांनी स्वतः त्याची सोनोग्राफी केली होती. तो टेबलावर आडवा, म्हणून रिपोर्ट काजलने टाइप केला होता, बोट शोधत शोधत. थोडी सूज, बाकी सगळं नॉर्मल. खाली सरांची निळ्या शाईतली ठसठशीत सही. गोळ्या चालू होत्या. पट्ट्याला मोच्याकडून दोन भोकं वाढवून घेतली होती, तेही बरंच झालं, ढेरी उतरली.

"आणखी काय करू तुमच्यासाठी?" मिनल म्हणाली. "उद्या वडाभात करू?"

"काय गं, लॉटरी लागली का?"

वाक्य पुरं व्हायच्या आत ती हसली. खुशी, त्यांची पोरगी, जेवता जेवता उठली आणि मागून येऊन त्याच्या पाठीला बिलगली. सतरा वर्षांची घोडी! बाप बोलला तर फोनमधून मान वर न काढणारी. परवा सुशील येऊन गेला होता, धाकटा भाऊ. दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावरून चार वर्षं बोलणं बंद होतं. आला तो गावरान आंब्यांची पेटी घेऊन. "धुरा तुयाच आहे दादा, मले नाही पायजे," म्हणाला आणि रडला. धर्मेंद्रने त्याच्या पाठीवर थोपटलं आणि मनात म्हणाला, वय झालं की शहाणपण येतं.

ज्याचं जळतं त्याला कळतं असं म्हणतात. इथे याचं जळत होतं, आणि याला नुसती ऊब लागत होती.

६

मंगळवारी जयवंताबाई आल्या. सोबत सून. पित्ताच्या पिशवीत गाठ होती आणि ती बाहेर पसरली होती. खरा रिपोर्ट सही होऊन सुनेच्या पर्समध्ये गेला. सून खिडकीत वाकली आणि तेच वाक्य म्हणाली.

काजलचा कीबोर्ड मागायला धर्मेंद्रला आज लाज वाटत होती. त्याने याच कीबोर्डवर घेतलं, आणि काय आश्चर्य, पिशवीच्या ओळीलाही बोटांखाली पोकळ लागलं नाही. सुटलो, त्याला वाटलं. उन्हाचंच होतं. नजर खिडकीबाहेर ठेवून त्याने कागद पुरा केला, छापला, शिक्का मारला, जयवंताबाईंच्या हातात दिला. मग परत बसताना त्याला तिसरा दिवा लागलेला दिसला.

जयवंताबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी बाकावरच्या एका कॉलेजच्या मुलीला कागद दिला. "पाय गं माय, काय लिहिलं?"

मुलगी वाचत गेली, मराठीत सांगत गेली. किडनी चांगली आहे आजी. हे पण चांगलं आहे. मग ती थांबली. तिने कागद घडी करून परत द्यायला पाहिजे होता, पण तेवढी अक्कल त्या वयात कुठून असणार? तिने तो शब्द उच्चारला. बाकांवरची सगळी माणसं एकदम जमिनीकडे बघायला लागली.

जयवंताबाई उठून खिडकीशी आल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. कागद पुढे धरून म्हणाल्या, "भाऊ, हे मायंच होय का? का दुसऱ्या कोणाचं देल्लं?"

सुनेने तो कागद हिसकावून घेतला. त्याच्यावर शिक्का होता, सही नव्हती. म्हणजे अदलाबदल झालेली नव्हती. हा दाखवायचाच कागद होता, आणि त्याच्यावर खरी ओळ होती.

सर आत बोलावून भयंकर बोलले. नवा कीबोर्ड गुरुवारी येईल, तोवर नजर पडद्यावर ठेव म्हणाले. आणि मग बोलता बोलता मधेच थांबले, आवाज खाली आणला, "जाऊ दे. तू आराम कर. पाणी पी," म्हणाले. एकोणीस वर्षांत सरांनी त्याला पाणी पी म्हटलेलं नव्हतं.

जागेवर येऊन बसला तेव्हा धर्मेंद्रला कुसुमताई आठवल्या. सहा वर्षांपूर्वी, मे महिनाच. त्यांचे भाऊ याच खिडकीत वाकले होते आणि त्याने याच खुर्चीत बसून ताईंचा दाखवायचा कागद टाइप केला होता. दुसऱ्या दिवशी ताई स्वतः कागद घेऊन आल्या. "चष्मा घरी राहिला गा. तूच वाचून दाखव." त्याने वाचला. आवाज अगदी सरळ ठेवून. "पुन्हा एकदा वाच," ताई म्हणाल्या. त्याने पुन्हा वाचला. तीनदा वाचायला लावला. बिचारीला चांगली बातमी ऐकायची हौस, असं तेव्हा त्याला वाटलं होतं. "छान वाचतं तू," असं म्हणून त्या पदराने कीबोर्ड पुसून निघून गेल्या. अठरा दिवसांनी वारल्या. त्यांच्या गळ्यात दोरी होती आणि दोरीला चष्मा होता, हे त्याने तेव्हाही पाहिलं होतं. विसरल्या असतील, एवढंच मनात आलं होतं.

७

बुधवारी दुपारी सर गेले, काजल मागच्या खोलीत डबा खायला गेली. अडॅप्टर जागेवर होता. धर्मेंद्रने मथळ्याचं पान उघडलं आणि स्वतःचं नाव लिहिलं. वय, सेहेचाळीस. त्याला काही सिद्ध करायचं नव्हतं. नुसतं मनातला किडा काढून टाकायचा होता.

नजर पडद्यावर. किडन्या नॉर्मल. उमटलं. प्लीहा नॉर्मल. उमटलं. पिशवी नॉर्मल. उमटलं. लिव्हरच्या ओळीआधी त्याने हात मांडीवर पुसले. लिव्हर नॉर्मल, आणि ते एकेक अक्षर उमटलेलं पाहून तो चक्क हसला, एकटाच, मोठ्याने. काय माणूस आहे मी, कीबोर्डला घाबरतो! उरलं फक्त पॅन्क्रियाज. घाईघाईने टाइप केलं.

शब्द उमटला. पुढचा उमटला नाही. तिसरा दिवा लागला.

त्याने अडॅप्टर काढला, लावला. पुन्हा टाइप केलं. पुन्हा. एकेक बटण अंगठा रोवून दाबलं. मग शबनम झोळीतून आपला रिपोर्ट काढला आणि टेबलावर पसरला. त्याच्यावर ती ओळ होती, नॉर्मल म्हणून. आणि खाली सही होती. निळी, ठसठशीत. सर खोट्यावर सही करत नाहीत. हे वाक्य त्याने दोनतीनदा मनात म्हटलं आणि त्याला बरं वाटलं. मग त्याला आठवलं की सही नसली तर तो 'दाखवायचा कागद' असतो, हे सबंध नागपुरात ज्यांना माहीत आहे अशी माणसं दोनतीनच, आणि त्यातला एक तो स्वतः. त्याला फसवायचं तर सही करावीच लागली असती.

"गरमीनं होऊन राहिलं हे," तो मोठ्याने म्हणाला आणि अडॅप्टर उपटून हातात घेतला. वायर टेबलावरून खाली लोंबायला लागली. गोल पिन जमिनीवर टेकली.

दिवा विझला नाही.

त्याच्या डोळ्यांसमोर एक बटण खाली गेलं आणि वर आलं. ठक. मग दुसरं. ठक. मध्ये अजिबात घाई नव्हती. अक्षरं पुसलेली होती, म्हणून नुसतं बघून त्याला काही कळेना. पळून जायला हवं होतं. पण एकोणीस वर्षांची सवय माणसाचं काय करते पाहा: त्याने हात पुढे केले आणि दहाही बोटं आपापल्या जागी ठेवली, हलकी, न दाबता.

आता त्याला वाचता येत होतं. बटणं त्याच्या बोटांना खाली घेऊन जात होती आणि वर आणून सोडत होती. ग्रंथीचं नाव. ती कुठे फुगली आहे ते. लांबी, रुंदी, सेंटीमीटरमध्ये. लिव्हरच्या वाटेवरच्या गाठींची संख्या. मजकूर नेटका होता, सर सांगतात तसाच. तो नेहमी उजव्या अंगठ्याने स्पेस देई. आता ती लांब पट्टी दर शब्दाला डाव्या टोकाने दबत होती, कोणाच्या तरी डाव्या अंगठ्याखाली. आणि शिकाऊ माणसाचं बोट जागेवर राहत नाही तेव्हा शिकवणारा वरून जरासं दाबतो ना, तसा त्याच्या करंगळीवर मधूनच भार येत होता.

शेवटी पूर्णविराम आला आणि सगळं थांबलं. धर्मेंद्रने मान वर केली नाही. मागे कोणी उभं असलंच तर ते दोन पावलं मागे उभं असेल, हे त्याला माहीत होतं.

८

काजल तोंड पुसत आली तेव्हा तो काउंटरसमोरच्या बाकावर बसला होता, जिथे पेशंट बसतात. रिपोर्ट हातात होता. अडॅप्टर त्याने तिच्या काउंटरवर ठेवला होता. त्याच्या टेबलावरून कीबोर्डची वायर मोकळी लोंबत होती.

"काहून इथं बसले दादा?"

"असंच." त्याने कागद पुढे केला. "चष्मा घरी राहिला वं. जरा वाचून दाखव."

चष्मा त्याच्या शर्टाच्या खिशातून अर्धा बाहेर आलेला होता. काजलने तो पाहिला. धर्मेंद्रने तिला तो पाहू दिला. घरी जाऊन मिनललाही हेच सांगायचं, मग खुशीला, मग सुशीलला मुद्दाम गावाहून बोलावून, हे त्याचं आताच ठरलं होतं. कुसुमताईंनी त्या दिवशी आपल्याशी काय केलं ते त्याला आज समजलं होतं, आणि त्याला त्यांचा राग आला नाही. फार दिवसांनी काहीतरी गोड लागल्यासारखं वाटलं.

काजल बावीस वर्षांची होती. पण आवाज तिने सरळ ठेवला. चांगली शिकली होती. किडन्या नॉर्मल. प्लीहा नॉर्मल. पित्ताची पिशवी नॉर्मल. लिव्हर नॉर्मल.

ती शेवटच्या ओळीशी आली. त्याच क्षणी आतल्या टेबलावर एक बटण दबलं. ठक. काजलची नजर लोंबणाऱ्या वायरकडे गेली, तिथून काउंटरवरच्या अडॅप्टरकडे गेली, आणि तिच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरला. धर्मेंद्र शांतपणे बघत राहिला. उद्यापरवापासून त्या खुर्चीत तीच बसणार होती.

"वाच ना," तो म्हणाला.

"पॅन्क्रियाज नॉर्मल," काजल म्हणाली. "सगळं नॉर्मल आहे दादा."

"छान वाचतं तू."

ती कागद परत द्यायला लागली. त्याने हात पुढे केला नाही.

"पुन्हा एकदा वाच."